डेथ नाइटच्या चार पिढ्या: व्हिडिओच्या कामाच्या नोंदी

६ एप्रिल २०२५

रामनवमी, दुकान अर्धा दिवस बंद. दुपारी फॅनखाली पडलो होतो तर मेव्हण्याचा नांदेडहून फोन, आणि फोन ठेवेपर्यंत एक काम गळ्यात पडलेलं. वॉरक्राफ्ट ह्या कॉम्प्युटर गेममधल्या डेथ नाइटवर, म्हणजे मेल्यावर उठवलेल्या योद्ध्यावर, मराठीत व्हिडिओ करायचा, अर्ध्या तासाचा. मी लिहिणार, मीच बोलणार आणि चुका तो काढणार, कारण त्याच्या मते माझा आवाज खताच्या जाहिरातीवाल्यासारखा आहे (ही तारीफ होती म्हणे). विषय असा की जुन्या गेममधला डेथ नाइट घोड्यावर बसून लांबून जादू फेकतो, नव्यातला माणसाएवढी तलवार घेऊन अंगावर येतो, नाव मात्र एकच, मग ही एकच जात आहे का वेगवेगळ्या? हे मला लई जणांनी विचारलंय आणि दरवेळी मी काहीतरी ठोकून दिलंय.

मृगाच्या आत संपवायचं. एकदा सोयाबीनच्या बॅगा उतरायला लागल्या की मला जेवायला टाइम नसतो, व्हिडिओ कुठला.

९ एप्रिल

सहा पानं लिहून पाठवली. सुरुवात आर्थसपासून, कारण आमच्या पिढीला डेथ नाइट म्हणजे आर्थसच. अंबाजोगाईत कॉलेजला असताना सायबर कॅफेत पहिल्यांदा वॉरक्राफ्ट ३ बघितला, तासाला पंधरा रुपये, कीबोर्डची अर्धी बटणं पुसलेली, तिथं तो राजपुत्र बापाला सिंहासनासमोर भोसकतो तो सीन आम्ही तिघांनी एका खुर्चीवर बसून बघितलेला. मग दुसरीकडून कसं सुरू करणार.

रात्री दहाला फोन. "दाजी, सुरुवातच चुकली तुमची. आर्थस दुसऱ्या पिढीतला आहे. पहिली पिढी १९९५ ची, वॉरक्राफ्ट २ मधली."

वॉरक्राफ्ट २ मी खेळलोच नव्हतो. सहा पानं कटाप.

१३ एप्रिल

चार दिवस झाले जुना गेम खेळायलो. चित्रं एवढुशी, आवाज डब्यातनं आल्यासारखा, पण गोष्ट भारी आहे राव, आणि आर्थसवाल्या गोष्टीशी हिचा काही म्हणता काही संबंध नाही.

गुलदान हा ऑर्क लोकांचा (गेममधली राक्षसासारखी जमात, माणसांची दुश्मन) मांत्रिक, पक्का हलकट. त्याची मांत्रिकांची एक गुप्त टोळी असते, शॅडो कौन्सिल. मग ऑर्ग्रिम डूमहॅमर हा ऑर्क आधीच्या सरदाराला, ब्लॅकहँडला, मारून सगळ्या फौजेचा सरदार होतो आणि ही टोळीच कापून काढतो. गुलदान हातापाया पडतो, मला सोड, मी तुला असे लढवय्ये देतो की माणसांच्या जादूगारांना पुरून उरतील. आणि तो शब्द पाळतो, पण कसा पाळतो ते बघा, मेलेल्या स्वतःच्याच मांत्रिकांचे आत्मे घेतो आणि स्टॉर्मविंड ह्या माणसांच्या राज्यातल्या मेलेल्या सरदारांच्या मुडद्यांत घालतो. म्हणजे आत ऑर्क, बाहेर माणूस, आणि माणूस पण दुश्मनाकडचा, चिलखतासकट. हातात तलवार नाही, एक जडावाची छडी, त्याच्यातनं जादू. पहिला उठतो तो टेरॉन गोरफीन्ड.

लांबून जादू का फेकतात त्याचं उत्तर इथंच मिळालं. आतला जीव जन्मभर मांत्रिक होता, तलवारीला हात लावलेला नाही, सरदाराचा देह मिळाला म्हणून सरदारी थोडीच येते. हे मला स्वतःला सुचलं आणि मी एकटाच खोलीत टाळी वाजवली.

१४ एप्रिल

आज रेकॉर्डिंग टेस्ट करायची होती पण जयंती, गल्लीच्या तोंडाशीच डीजे. माइक कपाटात टाकला आणि मिरवणुकीत गेलतो. रात्री एकला आलो. काम शून्य.

१९ एप्रिल

पहिल्या पिढीचा भाग मोठ्यानं वाचत बसलो होतो, आज्जी शेंगा फोडत ऐकायली होती. मला वाटलं तिला काय कळणार. ती म्हणली, "म्हणजे परकायाप्रवेश की रे. त्यात काय नवीन."

आणि मग तिनं शंकराचार्यांची गोष्ट सांगितली, मेलेल्या राजाच्या देहात ते जातात आणि इकडं शिष्य त्यांचा मूळ देह गुहेत सांभाळत बसतात. मी विचारलं, आणि मूळ देह कुणी जाळला तर? ती म्हणली, "मग अडकला की तो तिकडंच."

तर गोरफीन्ड हा अडकलेला. त्याला परत जायला देहच नाही. मी पहिल्या भागात 'पझेशन', 'रीअ‍ॅनिमेशन' असले शब्द वापरून दीड पान लिहिलं होतं, ते खोडून एक शब्द टाकला, परकायाप्रवेश, आणि दीड पानाचं काम झालं.

वरून अजून एक गंमत. २००७ मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट ह्या ऑनलाइन गेमचं बर्निंग क्रुसेड हे एक्स्पान्शन (मूळ गेमला जोडलेला नवा भाग) आलं, त्यात हाच गोरफीन्ड परत येतो. शॅडोमून व्हॅलीत एक आत्मा खेळाडूला म्हणतो माझी काही सामग्री आणून दे. तुम्ही आपलं झगा, चिलखत, छडी असं गोळा करून नेता, भोळेपणानं अंगावर चढवता, आणि तो तुमच्याच अंगात शिरतो. थोडा वेळ तुमचं कॅरेक्टर म्हणजे गोरफीन्ड. तिथनं सुटून तो पुढं ब्लॅक टेंपलमध्ये बॉस म्हणून भेटतो. म्हणजे बारा वर्षांनी सुद्धा ह्याची पद्धत तीच, दुसऱ्याचा देह. लिहिणाऱ्यांनी हे मुद्दाम केलं का आपसूक झालं माहीत नाही पण मला लई आवडलं.

आज भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला तीन रकाने आखले: देह कुणाचा, जीव कुणाचा, हुकूम कुणाचा. पहिली पिढी: देह दुश्मनाचा, जीव ऑर्क मांत्रिकाचा, हुकूम नावाला डूमहॅमरचा पण मन स्वतःचंच. बघू बाकीच्यांना हे रकाने पुरतात का.

२४ एप्रिल

ऊन ४२ ला टेकलंय. लॅपटॉप ओल्या फडक्यावर ठेवायलो.

दुसरी पिढी, वॉरक्राफ्ट ३, २००२. इथं रकाने बरोब्बर उलटे होतात. आर्थसच्या अंगात बाहेरनं कुणी शिरत नाही. देह त्याचाच, चेहरा त्याचाच, आठवणी पण त्याच्याच, फक्त फ्रॉस्टमोर्न ही शापित तलवार हातात घेतली तसा जीव तलवारीत गेला. हुकूम लिच किंगचा, म्हणजे मुडद्यांच्या फौजेच्या मालकाचा. आधी हे लोक पॅलाडिन होते, पवित्र जादूवाले धर्मयोद्धे, म्हणजे लढाई अंगात मुरलेली, म्हणून छडी गेली आणि जादूची अक्षरं कोरलेली तलवार आली. बाकी सगळं वेगळं असून एक दुवा आहे जो मला पण माहीत नव्हता. वॉरक्राफ्ट २ च्या १९९६ च्या एक्स्पान्शनमध्ये गोरफीन्ड ज्याच्यासाठी राबतो, मेडिव्ह जादूगाराचं पुस्तक, गुलदानची कवटी असलं काय काय गोळा करून देतो, तो म्हातारा ऑर्क नेरझूल. त्याच नेरझूलला पुढं किलजेडन हा सैतान पकडतो, हालहाल करतो आणि बर्फात कोंडून लिच किंग बनवतो. म्हणजे पहिल्या पिढीचा शेवटचा मालक तोच दुसऱ्या पिढीचा कर्ता. मेव्हण्याला सांगितलं तर म्हणे "हे मला माहीत होतं." माहीत होतं तर सांगायचं नव्हतं का?

दुसऱ्या पिढीतला माझा आवडता आर्थस नाही, सर झेलिएक आहे. २००६ ला वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये नॅक्सरामस हा मुडद्यांचा किल्ला आला, त्यातल्या चार घोडेस्वारांपैकी एक. हा पॅलाडिन एवढा श्रद्धाळू की मेल्यावर, उठवल्यावर, जीव लिच किंगच्या मुठीत गेल्यावर पण ह्याच्या हातनं पवित्र जादूच निघते. लढता लढता तो तुम्हाला ओरडून सांगतो की पळा, अजून वेळ आहे. आणि हात मात्र मारतच राहतात. मी कॉलेजच्या पोरासारखा ती क्लिप पाच वेळा बघितली. आमच्याकडं अंगात येतं तेव्हा बाई घुमत असते आणि मधेच एखाद्या क्षणी तिची नजर तुमच्याशी मिळते, तिला सगळं कळायलेलं असतं, तशी ती नजर.

कॅलेंडरवर "जीव कुणाचा" रकान्यात झेलिएकपुढं प्रश्नचिन्ह.

३० एप्रिल

अक्षय तृतीया. घागरी भरून पितरांना पाणी दिलं, पुरणपोळी, आंब्याचा रस. बायको म्हणली, "अहो, आज तरी त्या मेलेल्यांचं नका लिहू." मी म्हणलं आज तर मेलेल्यांचाच दिवस आहे. बोलणं बंद, संध्याकाळपर्यंत.

नाही लिहिलं.

४ मे

गावाकडं गेलतो, चुलत्याच्या बांधाचं मोजमाप होतं. मोजणीवाला काही आला नाही, मग पारावर बसलो. मारुतीच्या देवळामागं एक वीरगळ आहे, लहानपणी आम्ही त्याच्यावर बसून चिंचा खायचो, शेंदूर एवढा की हात लावला की बोटं लाल. आज पहिल्यांदा नीट बघितला. खालच्या चौकटीत एक जण आडवा पडलाय, बाजूला गायी, म्हणजे गायी पळवणाऱ्यांशी लढताना गेलेला. मधल्या चौकटीत दोन अप्सरा त्याला दंडाला धरून वर न्यायल्यात. वरच्यात तो पिंडीपुढं हात जोडून बसलाय, आणि अगदी माथ्यावर चंद्र-सूर्य. दगड झिजून चेहरा सपाट झालाय, पण गुडघे कसे दुमडलेत ते अजून दिसतं.

मोबाइलमध्ये फोटो काढून मेव्हण्याला पाठवला आणि लिहिलं, डेथ नाइट म्हणजे ज्याला मधल्या चौकटीतनं खाली ओढलंय. त्याचा रिप्लाय: "दाजी हे व्हिडिओत पायजे." मग म्हणे, "आणि पहिल्या पिढीत तर खालच्या चौकटीतला दगडच चोरून नेलाय." मान्य.

११ मे

तिसरी पिढी. ह्याच्यावर मी तीन आठवडे देऊ शकतो पण मृग जवळ आलाय.

२००८, १३ नोव्हेंबरला राथ ऑफ द लिच किंग आलं आणि डेथ नाइट पहिल्यांदा खेळाडूच्या हातात आला. तेव्हा थेट ५५ व्या लेव्हलपासून सुरू व्हायचं, आणि अकाउंटवर आधी एक ५५ वालं कॅरेक्टर असावं लागायचं. तेव्हाच्या कुठल्याही जातीचा मेलेला योद्धा चालायचा, पॅलाडिनच पाहिजे असं राहिलं नाही. आकाशात तरंगणारा किल्ला एकेरस, खाली स्कार्लेट क्रुसेड ह्या मुडद्यांच्या कट्टर वैऱ्यांची गावं, आणि तुमचं काम ती गावं साफ करणं. शेतकरी, खाणवाले, जो दिसेल तो. तुम्ही करता पण, कारण एक्सपीरियन्स पॉइंट मिळतात.

मग तो क्वेस्ट, म्हणजे गेमनं दिलेली कामगिरी. परवा रात्री परत खेळलो, माझं कॅरेक्टर टॉरेन, बैलाच्या तोंडाची जात. एका घरात कैदी बसवलेत, आर्जेंट डॉन ह्या मुडद्यांशी लढणाऱ्या संघटनेचे, प्रत्येक जातीचा एक. तुम्हाला सांगितलेलं असतं त्यातला तुमच्या जातीचा मार. मी तलवार उगारून गेलो आणि तो टॉरेन मला नावानं हाक मारतो. ओळखतो. तू असा नव्हतास, आठव, त्याच्याशी झगड. तुम्ही गप्प. मागनं साहेब ओरडायलाय काय टाइम लावायलास म्हणून. आणि तुम्हाला काहीतरी आठवायलंय असं दिसल्यावर तो कैदी स्वतःच म्हणतो, मार मला, सोडव. दुसरं बटणच नाही. मारावंच लागतं, नाहीतर पुढचा क्वेस्ट उघडत नाही. बायको पाणी द्यायला आली होती ती मागं उभी राहून बघायली होती, म्हणली, "आणि नाही मारलं तर?" मी म्हणलं गेम तिथंच थांबतो. "मग थांबू द्या की," म्हणली आणि गेली.

पुढं लाइट्स होप चॅपेलची लढाई, स्क्रीनवर आकडे येतात, तिकडं ३०० रक्षक, इकडं लिच किंगचे (आता आर्थसच लिच किंग झालाय) १०,०००. आणि १०,००० वाले हरतात, कारण त्या देवळाखाली हजार वीर पुरलेत आणि ती जमीनच त्यांना उभी राहू देत नाही. (वीरगळ!! स्क्रिप्टमध्ये इथंच टाकायचा तो फोटो.) तिथं डॅरियन मोग्रेनला, म्हणजे डेथ नाइटांच्या म्होरक्याला, कळतं की लिच किंगनं आपल्याला मरायलाच पाठवलं होतं, टिरियन फोर्डरिंग ह्या म्हाताऱ्या पॅलाडिनला बाहेर काढायचं आमिष म्हणून. तो अ‍ॅशब्रिंगर ही तलवार टिरियनच्या हातात देतो, लिच किंग पळतो, आणि उरलेले डेथ नाइट सुटतात. त्यांच्या टोळीचं नाव नाइट्स ऑफ द एबन ब्लेड.

रकाने: देह स्वतःचा, जीव स्वतःचा पण भेगा पडलेला, हुकूम स्वतःचा. आणि भूक. दुसऱ्याला दुखवल्याशिवाय हे लोक शांत राहू शकत नाहीत, आतनं तडफडतात. सुटका झाली तरी हे सुटलेलं नाही.

आणि घरी आल्यावर काय होतं? ऑर्कांचं ऑर्ग्रिमार नाहीतर माणसांचं स्टॉर्मविंड, तिथल्या रस्त्यानं सरदाराकडं नाहीतर राजाकडं चालत जायचं आणि दोन्ही बाजूनं गावकरी शिव्या घालतात, थुंकतात, सडकी फळं फेकून मारतात. मला वाटतं सगळ्या पिढ्यांत खरा फरक इथं आहे. गोरफीन्डला, आर्थसला लाज नावाची गोष्टच नाही. तिसऱ्या पिढीवाल्याला सडकं केळ लागतं आणि त्याला माहीत असतं की बरोबरच मारायलेत. माझा एक मित्र म्हणतो हा भाग बोअर आहे, नुसतं चालायचं असतं. त्याचं त्याला लखलाभ.

१७ मे

चौथी पिढी, पटकन. जानेवारी २०२० च्या ८.३ पॅचला (गेमचं अपडेट) पांडारेन, म्हणजे पांडासारखी जात, आणि नंतर आलेल्या मित्रजातींना पण डेथ नाइट होता यायला लागलं. ह्यांना उठवलं बोल्वरनं, जो आर्थसनंतर लिच किंगचा मुकुट घालून बर्फात बसला होता, कारण मुडद्यांवर राखण नसली तर ते मोकाट सुटतील. ह्यांनी ना ती गावं जाळली, ना त्या कैद्याला मारलं, ना लाइट्स होपला हरले. आइसक्राउनमध्ये उठले, हातात तलवार, जा कामाला. त्याच वर्षी सिल्व्हानस, मेलेल्यांची जुनी राणी, तो मुकुटच फोडते.

मेव्हण्याचं म्हणणं ही पिढी म्हणजे कंपनीनं केलेली सोय आहे, नव्या जातींना क्लास द्यायचा म्हणून. मला पण तसंच वाटतं, पण त्यातनं एक गोष्ट निघते. ह्यांच्यावर आधीच्यांचं पाप नाही आणि नाव मात्र तेच. पांडारेन डेथ नाइट गावात गेला तर सडकं केळ त्याला पण बसणार. आमच्याकडं आज्याच्या कर्जाला नातवाला नोटीस येते तसं. हे वाक्य ठेवायचं का काढायचं ठरत नाहीये.

२३ मे

अवकाळी. चार दिवस रोज संध्याकाळी ढग, वारा, लाइट गुल. इन्व्हर्टरवर फॅन लावला तर माइकमध्ये घरघर येते, बंद केला तर मी घामानं निथळतो. बनियनवर रेकॉर्डिंग केलं. एकूण सहा तास बोललो असेन, वापरण्यासारखं पन्नास मिनिटं. एका ठिकाणी मागं स्पष्ट ऐकू येतं, आज्जी विचारायली, "जेवला का रे गोरफीन?" ते ठेवलंय.

जादूच्या नावांचा एक भाग नंतर घुसडला. डेथ कॉइल १९९५ पासून आहे. डेथ अँड डिके पण १९९५ ला डेथ नाइटकडंच होतं, मग वॉरक्राफ्ट ३ ला ते लिच नावाच्या मेलेल्या जादूगाराकडं गेलं, आर्थसकडं नाही, आणि २००८ ला फिरून डेथ नाइटकडं आलं. घराण्यातलं भांडं चुलत्याकडं जाऊन परत यावं तसं. पिढ्यांत रक्ताचं नातं काहीच नाही, कुणी कुणाला जन्म दिलेला नाही, पण ही भांडी तेवढी फिरत आलीत.

'अनडेड'ला मराठी शब्द शोधत होतो. भूत म्हणलं तर देह नाही, प्रेत म्हणलं तर हालचाल नाही, वेताळ म्हणलं तर तो मुडद्यात शिरतो म्हणून फक्त पहिल्या पिढीला बसतो. आज्जीला विचारलं. म्हणली, "उठलेला म्हण." उठलेला. ठरलं.

१ जून

एडिट झालं, ४१ मिनिटं. अर्धा तास म्हणलतो. मेव्हण्यानं बघितलं आणि १४ चुका काढल्या, त्यातल्या नऊ उच्चाराच्या, त्या मी बदलणार नाही. एक खरी होती: मी बोलून गेलो की एबन ब्लेडवाले उठवण्याच्या धंद्यात पडत नाहीत. पण २०१६ ला लीजन एक्स्पान्शनमध्ये हेच लोक नवे चार घोडेस्वार करायला मेलेले वीर, नाझग्रिम, थोरास ट्रोलबेन, व्हाइटमेन ह्यांना उठवतात, आणि चौथा म्हणून टिरियनला उठवायला परत लाइट्स होपलाच जातात. जमीन परत त्यांना हाणते. मग डॅरियनच चौथा होतो. ज्यांना कैद्याला मारताना लाज वाटली तेच आठ वर्षांनी मेलेल्या टिरियनच्या थडग्यावर फावडं घेऊन उभे. हा भाग रेकॉर्डच केला नव्हता. परत बनियन, परत फॅन बंद.

४ जून

नवा भाग जोडला, ४४ मिनिटं. आज्याच्या कर्जाचं वाक्य ठेवलं.

पहिल्या फोटोत काय टाकायचं ह्यावरनं दोन दिवस भांडण. मेव्हण्याला आर्थस पाहिजे, लोक क्लिक करतील. मला वीरगळ. शेवटी अर्ध्यात आर्थस, अर्ध्यात वीरगळ, आणि वीरगळाचा शेंदूर स्क्रीनवर एवढा भडक दिसायलाय की आर्थस आजारी वाटतो. रंग कमी करायला बसलो होतो तर दुकानातनं फोन, सोयाबीनची गाडी आलीय, हमाल दोघंच आहेत. लॅपटॉप चालू ठेवून निघालोय, एक्सपोर्ट ६२ टक्क्यांवर आहे.